जुन्या ब्रिटिश कुस्त्या पाहताना आणि त्यांवर लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमक्या कोणत्या कुस्त्यांबद्दल बोलतो आहोत?

ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवरून दाखवल्या गेलेल्या व्यावसायिक कुस्त्यांबद्दल. पहिलं प्रक्षेपण ९ नोव्हेंबर १९५५ रोजी लंडनच्या वेस्ट हॅम बाथ्समधून झालं आणि शेवटचं १७ डिसेंबर १९८८ रोजी. जानेवारी १९६५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ हा क्रीडा कार्यक्रम सुरू झाला. त्यात दर शनिवारी दुपारी चारच्या सुमारास, फुटबॉलचे निकाल यायच्या आधी कुस्ती असायची. १९८५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ बंद पडल्यावरही कुस्ती स्वतंत्रपणे तीन वर्षं चालू राहिली.

या कुस्त्यांचं आयोजन बराच काळ ‘जॉइंट प्रमोशन्स’ या आयोजकांच्या संघाच्या हातात होतं. १९५२ मध्ये वेगवेगळ्या भागांतल्या आयोजकांनी एकत्र येऊन तो उभा केला आणि आपापले इलाखे वाटून घेतले. त्यामुळे एकच मल्ल आज क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉलमध्ये, उद्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या सिव्हिक हॉलमध्ये दिसायचा. या जागा लहान असत आणि प्रेक्षक रिंगला खेटून बसलेले. पर्स उगारून खलनायकाची भूमिका करणाऱ्या मल्लाच्या अंगावर धावून जाणाऱ्या आजीबाई या प्रक्षेपणांचा अविभाज्य भाग होत्या.

निकाल आधीच ठरलेला असतो. मग समीक्षा कशाची करायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. निकाल ठरलेला असायचा हे खरं आहे. जॅकी पॅलो या गाजलेल्या मल्लाने १९८५ मध्ये आत्मचरित्रात ते उघडपणे लिहिलं, तेव्हा त्याच्या जुन्या सहकाऱ्यांना ते अजिबात रुचलं नाही.

पण संगीत नाटकाला जाणाऱ्या माणसाला शेवटी लग्न होणार हे पहिल्या अंकाआधीच माहीत असतं. तो जातो पदासाठी, आणि आज नटाने ते कसं खुलवलं हे ऐकायला. इथेही तेच आहे. दोन माणसं समोरासमोर उभी राहून वीस-पंचवीस मिनिटं पकड घेतात, सोडवतात, चुकवतात. यातलं बरचसं रिंगमध्ये तिथल्या तिथे सुचलेलं असतं. कोण जिंकणार एवढंच साधारण ठरलेलं, तिथवर पोचायचं कसं हे त्या दोघांच्या अंगातल्या कसबावर. समीक्षा त्या कसबाची करायची.

या कुस्त्या संथ वाटतात. माझं काही चुकतंय का?

बहुधा नियम माहीत नसतात म्हणून त्या संथ वाटतात. नव्वदच्या दशकात केबलवर अमेरिकी कुस्त्या बघून मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला रिंग म्हटलं की खुर्च्या, शिड्या आणि आरडाओरडा आठवतो. ब्रिटिश कुस्तीची घडणच निराळी आहे, आणि माझ्या मते तिचं सगळं नाट्य नियमांत आहे. म्हणून नियम आधी नीट समजून घ्या.

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘ऑल-इन’ नावाची बेबंद कुस्ती चालायची. ती इतकी बदनाम झाली की दशक संपता संपता लंडनमध्ये तिच्यावर बंदीच आली. युद्धानंतर धंद्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी १९४७ च्या सुमारास नवी नियमावली आली. ॲडमिरल लॉर्ड माउंटएव्हन्स यांचं नाव तिला दिलं गेलं. हे तेच गृहस्थ, जे कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत होते. ही नियमावली तयार करणाऱ्यांत नॉर्मन मॉरेल होते. ते १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून खेळलेले खरे मल्ल, पुढे आयोजक झाले.

कुस्ती फेऱ्यांमध्ये व्हायची, साधारणपणे पाच-पाच मिनिटांच्या सहा फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. तीनपैकी दोन गुण मिळवणारा विजयी. गुण दोन प्रकारे मिळतो: दोन्ही खांदे तीन मोजेपर्यंत मॅटला टेकवून, किंवा पकडीत अडकलेल्याने हार मान्य केली तर. दहा मोजेपर्यंत उठता आलं नाही तर मात्र गुण कितीही असोत, कुस्ती तिथेच संपली. वेळ संपली आणि गुण समसमान असले तर बरोबरी.

आता दोन नियम असे आहेत, ज्यांच्याशिवाय या कुस्त्या कळणारच नाहीत. पहिला, जाहीर ताकीद. नियम मोडला की पंच आधी समज देतो, मग ध्वनिक्षेपकावरून सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी ताकीद. दोन ताकिदींपर्यंत चालतं, तिसरी मिळाली की बाद. दुसरा नियम, खाली पडलेल्या माणसावर हल्ला करायचा नाही. तुम्ही त्याला पाडलंत आणि त्याच ओघात, पकड न सोडता खाली गेलात तर चालतं. एकदा सुटलात की त्याला उठू द्यायचं.

या दोन नियमांनी काय होतं बघा. खलनायकाच्या हातात दोनच ताकिदींची शिल्लक असते आणि ती तो हिशेबाने खर्च करतो. एक गुण मागे पडला की पडलेल्याला गुपचूप लाथ, पहिली ताकीद. त्या लाथेने दुखावलेल्या हातावर पुढच्या फेरीत पकड, बरोबरी. आता शेवटच्या फेरीत त्याला जिंकायचं आहे आणि खात्यात एकच ताकीद उरली आहे. सभागृह अस्वस्थ होतं ते इथे. हे लक्षात आलं की वीस मिनिटं कशी जातात कळत नाही.

आपल्या मातीतल्या कुस्तीचे डाव माहीत असतील तर उपयोग होतो का?

खूप. ज्याने जत्रेच्या फडात पट काढताना, ढाक मारताना, घिस्सा मारताना पैलवान पाहिले आहेत, त्याची नजर आपोआप पायांकडे आणि कमरेकडे जाते. ती सवय इथे कामी येते. फरक एवढाच की आपल्याकडे चितपट झाली की संपलं. हार कबूल करायला लावणाऱ्या पकडी, म्हणजे सांधा उलटा ताणणं, आवळणं, यांना मातीत हे स्थान नाही. ब्रिटिश कुस्तीत अर्धा खेळ त्यांचाच.

त्या पकडी आल्या लँकेशायरमधून. तिथल्या कोळसा खाणींच्या आणि गिरण्यांच्या भागात ‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’ नावाची कुस्ती रुजलेली होती. विगन गावात बिली रायली यांचा आखाडा होता, पुढे ‘स्नेक पिट’ म्हणून ओळखला गेलेला. दिसायला अगदी साधी जागा, पण तिथे शिकलेल्या माणसाशी गंमत करायची सोय नव्हती. बिली रॉबिन्सन तिथेच शिकलेला. कार्ल गॉच मूळचा युरोप खंडातला, तोही शिकायला विगनला येऊन राहिला.

हे दोघं पुढे जपानला गेले आणि तिथल्या व्यावसायिक कुस्तीवर त्यांनी खोल ठसा उमटवला. रॉबिन्सन आणि जपानी मल्ल अँतोनिओ इनोकी यांची डिसेंबर १९७५ मधली कुस्ती पूर्ण साठ मिनिटं चालून बरोबरीत सुटली. ब्रिटिश पद्धत समजून घ्यायची असेल तर टोकियोतली ही कुस्तीही बघाच.

सगळ्यात चांगल्या कुस्त्या कोणाच्या?

हलक्या वजनाच्या मल्लांच्या. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हेवीवेट मल्लांचे फोटो वर्तमानपत्रांत आले, पण कला फुलली ती लाइटवेट आणि वेल्टरवेट गटांत. लाइटवेटची मर्यादा ११ स्टोन, म्हणजे सुमारे ७० किलो. आपल्या गल्लीत सहज खपून जातील अशा चणीची ही माणसं.

डंडीचा जॉर्ज किड हा या घराण्याचा मूळपुरुष. लाइटवेटचं जागतिक विजेतेपद त्याने पंचवीसहून अधिक वर्षं राखलं आणि १९७६ मध्ये ते न हरताच निवृत्त झाला. त्याची परंपरा पुढे नेली जॉनी सेंटने. सेंटचा एक प्रकार सावकाश, थांबवून थांबवून बघण्यासारखा आहे. तो मॅटवर बसतो, गुडघे छातीशी घेतो, हात पायांभोवती आवळतो आणि मान आत घालतो. माणसाचं गाठोडं होतं. प्रतिस्पर्धी भोवती फिरतो, वाकून बघतो, खांद्याला हात लावून बघतो. धरायचं कुठे? हात नाही, पाय नाही, मान नाही. पंचही खांदे उडवतो. मग गाठोड्यातून एक हात अलगद बाहेर येतो, मदत मागितल्यासारखा. समोरचा तो धरतो आणि पुढच्याच क्षणी स्वतः पाठीवर आपटलेला असतो.

लोक हसतात, आणि हसायलाच हवं. पण यात सेंटचा तोल, त्याची वेळेची जाण आणि समोरच्याचं सहकार्य तिन्ही अचूक लागतं. समीक्षेत ‘विनोदी प्रसंग’ असं दोन शब्दांत उरकू नका.

स्टीव्ह ग्रे, झोल्तान बॉशिक, व्हिक फॉकनर यांच्याही कुस्त्या शोधा. दणकट आणि वेगवान हवं असेल तर मार्टी जोन्स आणि मार्क ‘रोलरबॉल’ रोको यांची जोडी. त्यांच्यात सौजन्याला जागाच नव्हती.

खलनायकांचं मूल्यमापन कसं करायचं?

ब्रॅडफर्डचा जिम ब्रेक्स डोळ्यांसमोर ठेवा. लहान चणीचा, चेहऱ्यावर कायम तक्रार. गुण गेला की तो पाय आपटतो, पंचाकडे रडगाणं गातो, आणि सभागृह ‘क्राय बेबी’ म्हणून ओरडू लागतं. हे ऐकून त्याला वेडा समजाल तर फसाल. रडारड चालू असताना तो प्रत्येक फेरीत एकाच हाताच्या मागे लागलेला असतो. कधी मनगट पिरगळ, कधी कोपरावर गुडघा टेक. आणि मग शेवटी त्याची हुकमी पकड येते: तो हात दुमडून पिरगळतो आणि त्याच हातावर समोरच्याला जमिनीवरून उचलतो. आधीच्या चार फेऱ्यांत त्या हातावर काय काय झालं हे तुमच्या समीक्षेत नसेल, तर शेवटची पकड का लागली हे वाचकाला कळणार नाही.

मिक मॅकमॅनस याचं काम वेगळं. काळे केस, काळी चड्डी, ठेंगणा बांधा. लोक त्याला हरताना बघायला येत आणि तो फारसा हरत नसे. ‘कान नको, कान नको’ हा त्याचा ओरडा सगळ्या देशाला पाठ होता. वेणी बांधलेल्या जॅकी पॅलोशी त्याचं वैर १९६० च्या दशकात इतकं गाजलं की फुटबॉलच्या एफए कपच्या अंतिम सामन्याच्या दिवशी आयटीव्हीने त्यांची कुस्ती ठेवली. मॅकमॅनसकडे डाव मोजकेच होते, पण कोणता कधी वापरायचा नाही हे त्याला इतरांपेक्षा जास्त कळायचं.

बिग डॅडीबद्दल काय? तो तर सगळ्यात प्रसिद्ध.

प्रसिद्ध होता यात वाद नाही. हॅलिफॅक्सचा शर्ली क्रॅबट्री, ६४ इंच छाती, चमकीचा अंगरखा, आणि ‘ईझी, ईझी’ म्हणून टाळ्या वाजवणारी पोरं. त्याचा भाऊ मॅक्स क्रॅबट्री ‘जॉइंट प्रमोशन्स’चा प्रमुख आयोजक होता आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सगळा कार्यक्रम डॅडीभोवती फिरू लागला. जोडीच्या कुस्त्यांचा साचा ठरलेला: तरुण जोडीदार मार खाणार, कसाबसा डॅडीच्या हाताला हात लावून त्याला आत बोलावणार, डॅडी येऊन पोटाने दोघा प्रतिस्पर्ध्यांना उडवणार.

१८ जून १९८१ रोजी वेम्बली अरीनामध्ये डॅडी विरुद्ध जायंट हेस्टॅक्स ही वर्षानुवर्षं तापवलेली लढत झाली. हेस्टॅक्स ६ फूट ११ इंच उंच. तीन मिनिटांच्या आत तो रिंगबाहेर गेला आणि दहापर्यंतच्या मोजणीत परतला नाही. संपलं. कुस्ती म्हणून तिच्यात बघण्यासारखं जवळजवळ काही नाही. पण आवाज वाढवून सभागृहाकडे लक्ष द्या. त्या हजारो लोकांच्या आनंदात काहीही खोटं नव्हतं. समीक्षेत दोन्ही लिहा.

माझी खरी तक्रार जोडीदारांबाबत आहे. डायनामाइट किड, डेव्ही बॉय स्मिथ, जपानहून आलेला सॅमी ली यांच्यासारखे असामान्य तरुण डॅडीच्या कोपऱ्यात उभे राहून फक्त मार खाण्यासाठी वापरले गेले. या कुस्त्यांत पहिली पाच मिनिटं बघा, डॅडी आत येण्यापूर्वीची. सोनं तिथे आहे.

केंडो नागासाकीच्या बुरख्याचं प्रकरण काय?

पीटर थॉर्नली या इंग्रज मल्लाने जपानी योद्ध्याचं सोंग घेतलं, बुरखा घातला आणि लोकांसमोर तो बोलतच नसे. मार्च १९६६ मध्ये हॅन्लीच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये त्याने काउंट बार्टेली या दुसऱ्या बुरखाधाऱ्याला हरवून त्याचा बुरखा उतरवायला लावला. स्वतःचा बुरखा त्याने डिसेंबर १९७७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला समारंभपूर्वक काढला. तुळतुळीत डोकं, मागे वेणी, टाळूवर गोंदण. त्या चित्रणात एकही डाव नाही. तरी पूर्ण बघा आणि प्रेक्षकांची शांतता ऐका.

समालोचनाबद्दल लिहावं का?

जरूर. केंट वॉल्टन १९५५ पासून शेवटपर्यंत या कुस्त्यांचा आवाज होते. ‘ग्रीटिंग्ज, ग्रॅपल फॅन्स’ या शब्दांनी सुरुवात. त्यांची खुबी संयमात आहे. ते पकडीचं नाव सांगतात, ती कुठे दुखते सांगतात आणि मग गप्प बसतात. निकाल ठरलेला असतो असा सूक्ष्म इशाराही त्यांनी कधी दिला नाही. आजच्या सतत किंचाळणाऱ्या समालोचनानंतर वॉल्टन ऐकणं हे सुख आहे.

काही सोंगं आज खटकतात. ती लिहिताना टाळायची का?

टाळू नका. मसंबुला याला बिबट्याचं कातडं नेसवून आफ्रिकी मांत्रिक म्हणून मिरवलं गेलं. कृष्णवर्णीय मल्लांचं डोकं जात्याच टणक असतं असं गृहीत धरून त्यांच्या टकरांवर हशा मिळवला गेला. हा वंशवाद होता, तसंच लिहायला हवं. त्याच वेळी जॉनी क्वँगो किंवा क्लाइव्ह मायर्स रिंगमध्ये काय करत होते हेही लिहा. सोंगावर टीका करून त्यांची कुस्ती न बघणं म्हणजे त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय.

ॲड्रियन स्ट्रीटचा मामला गुंतागुंतीचा. वेल्समधल्या ब्रिनमाउरच्या खाणकामगाराचा हा मुलगा. भडक रंग, सोनेरी केस, चेहऱ्यावर रंगरंगोटी, बायकी हावभाव. लोक शिव्या घालत, तो त्यांच्याकडे बघून मुका उडवत असे आणि मग समोरच्याला निर्दयपणे पिळून काढे. १९७३ मध्ये तो साज करून वडिलांच्या खाणीवर गेला आणि काळवंडलेल्या खाणकामगारांच्या मध्ये उभा राहून फोटो काढून घेतला. त्या फोटोत तो वडिलांकडे बघत नाही. त्याची कुस्ती बघण्याआधी तो फोटो बघा.

महिलांच्या कुस्त्या का सापडत नाहीत?

लंडनमध्ये महिलांच्या कुस्तीवर अनेक वर्षं बंदी होती. मिट्झी म्युलर आणि क्लॉन्डाइक केट यांनी देशभरच्या सभागृहांत नाव कमावलं, पण शनिवारच्या पडद्यावर त्यांना जागा नव्हती. नोंद पुरुषांचीच उरली, हे नुकसान भरून निघणारं नाही.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो दूरदर्शन संचांच्या आधीपासूनचा आहे. १९१० मध्ये गामा पैलवान लंडनला गेले. त्यांनी अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला हरवलं आणि १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लाउस झ्बिस्कोशी त्यांची कुस्ती बरोबरीत सुटली. झ्बिस्को मॅटला चिकटून पालथा पडून राहिला होता. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला तो आलाच नाही आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामांना मिळाला.

पुढे दारा सिंग यांनीही ब्रिटनमध्ये कुस्त्या केल्या. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंग काँग यांच्या ‘फ्री स्टाइल’ कुस्त्या पाहिलेली मंडळी आपल्या घरांत अजून असतील. त्यांना विचारा. गुण, फेऱ्या, पंच यांबद्दल त्यांच्या आठवणी लिहून घेतल्यात तर ते काम कोणत्याही समीक्षेइतकं मोलाचं होईल.

या मल्लांपैकी पुढे कोण कुठे गेलं?

डायनामाइट किड विगनजवळच्या गोलबर्नचा. १९७७ मध्ये, अजून विशीही गाठलेली नसताना, त्याने जिम ब्रेक्सकडून ब्रिटिश लाइटवेट विजेतेपद घेतलं. एप्रिल १९८१ मध्ये टोकियोत टायगर मास्क हा मुखवटाधारी मल्ल पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला, तेव्हा समोर डायनामाइट किडच होता. आणि मुखवट्याआड होता सातोरू सायामा, म्हणजे ब्रिटनमधला तोच सॅमी ली. पुढे ‘ब्लॅक टायगर’ बनून त्याच्याशी लढला तो मार्क रोको. जगभरातल्या हलक्या वजनाच्या आधुनिक कुस्तीचं मूळ शोधत गेलात तर उत्तर इंग्लंडातल्या या सभागृहांत येऊन पोचाल. फिट फिनले आणि विल्यम रीगल हे शेवटच्या पिढीतले, अमेरिकेत त्यांनी असंख्य तरुणांना घडवलं.

१९८७ च्या रिंगमधल्या मृत्यूबद्दल लिहावं का?

ऑगस्ट १९८७ मध्ये ग्रेट यारमथला बिग डॅडीने अंगावर झेप घेतल्यानंतर माल कर्क हा मल्ल कोसळला आणि मरण पावला. त्याला आधीपासून हृदयविकार होता असं चौकशीत निष्पन्न झालं, क्रॅबट्रीवर दोष आला नाही. लिहायचं असेल तर एवढं लिहा. थरार म्हणून वापरू नका.

तारे किंवा गुण द्यावेत का?

मी देत नाही. अमेरिकी किंवा जपानी कुस्त्यांसाठी घडवलेली मोजपट्टी लावली की सेंट आणि ब्रेक्स यांची सहा फेऱ्यांची अप्रतिम कुस्तीही ‘शेवट थंड’ म्हणून खाली ढकलली जाते. त्याऐवजी बघताना कागदावर नोंद ठेवा. प्रत्येक गुण कोणत्या फेरीत आला, कशावर आला, ताकीद कोणाला आणि कशासाठी. कोणता अवयव लक्ष्य होता आणि पुढच्या फेरीत मल्लाला त्याची आठवण राहिली का? चांगला मल्ल तिसऱ्या फेरीत दुखावलेला पाय पाचव्या फेरीत विसरत नाही.

आणखी एक. उरलेली बहुतेक चित्रणं १९७० नंतरची आहेत. त्याआधीचं फारच थोडं टिकलं आहे. अनेक चित्रणांत फेऱ्या कापलेल्या असतात. प्रक्षेपणाची तारीख आणि कुस्ती झाली ती तारीख वेगळी असू शकते, कारण सभागृहात चित्रित करून मग शनिवारी दाखवायची पद्धत होती. तुम्ही पाहिलेलं चित्रण अपुरं असेल तर समीक्षेच्या पहिल्याच ओळीत तसं सांगा.

हे सगळं बंद का पडलं?

आयटीव्हीचे ग्रेग डाइक यांनी १९८८ मध्ये निर्णय घेतला, त्यांना वाहिनीसाठी वेगळा प्रेक्षक हवा होता. पण धंद्याने स्वतःचं नुकसान आधीच करून घेतलं होतं. एकाच वयस्कर नायकावर सगळं लादलं आणि तरुण मल्ल परदेशी निघून गेले. १९८७ पासून कुस्तीच्या वेळेत अमेरिकी कुस्त्याही आलटूनपालटून दाखवू लागले, तेव्हा तुलना अटळ झाली.

समीक्षेत निकाल सांगून टाकावा का?

सांगा, पण जिथे आला तिथे. पहिल्या परिच्छेदात विजेता जाहीर करायची गरज नाही आणि लपवायचीही नाही. फेरीगणिक लिहीत गेलात तर निकाल आपल्या जागी येतो. बरोबरी झाली असेल तर मात्र तिच्यावर थोडं जास्त लिहा. १-१ गुण, शेवटची फेरी, घड्याळात मिनिटभर उरलं आहे आणि दोघंही अजून पकड शोधताहेत, अशा कुस्त्यांवर मराठीत अजून कोणी फारसं लिहिलेलं नाही.